आधी कॅबिनेट उघड

दिवाळीपासून माझा भाचा मला एकच प्रश्न विचारतोय. ‘मामा, पीसी आत्ता अपग्रेड करू की थांबू?’ राहतो खांदा कॉलनीत, कॉलेज नवीन पनवेलमध्ये आणि जीव अडकलाय २०२० च्या जानेवारीत जुळवून आणलेल्या पीसीत. रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, आठ-आठच्या दोन मिळून १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर. पनवेलहून कुर्ला, तिथून दादर, तिथून ग्रँट रोड अशी गाड्या बदलत आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. येताना खोकं आळीपाळीने मांडीवर. दोन महिन्यांत लोकल बंद पडल्या आणि ‘गेम खेळायचं मशीन’ म्हणून ताईने ज्याला नाकं मुरडली, त्याच्यावरच त्याची ऑनलाइन शाळा झाली.

या प्रश्नाला माझ्याकडे वर्षानुवर्षं एकच उत्तर होतं. थांब. संगणकाच्या बाजारात थांबणाऱ्याला आपोआप बक्षीस मिळतं: सहा महिन्यांनी तीच वस्तू स्वस्त होते, नाहीतर त्याच पैशात जास्त चांगली मिळते. हे शहाणपण मी पैसे मोजून कमावलंय. २०२१ मध्ये इथेरियमच्या मायनिंगने ग्राफिक कार्डं गिळायला सुरुवात केली, तेव्हा ‘आणखी महागेल’ या भीतीने मी एक आरटीएक्स ३०६० भलत्या भावात उचललं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच मोडीत काढली आणि मायनिंगमध्ये भाजून निघालेली कार्डं सेकंडहँड बाजारात ढिगाने आली. माझ्या बिलाचा आकडा बायकोला अजून तोंडपाठ आहे.

यंदा मात्र ते उत्तर तोंडातून निघेना. भाच्याने ज्या रॅमचा भाव २०२५ च्या उन्हाळ्यात काढून ठेवला होता, तिचा भाव वर्ष संपेपर्यंत दुपटीच्या पुढे गेला होता. डीडीआर५ ची कथा त्याहून वाईट. दुकानदार भाव सांगतात आणि लगेच जोडतात, ‘आजच्यापुरता हं.’ हे वाक्य मी आजवर फक्त सराफाकडे ऐकलं होतं.

कारण शोधायला लांब जायला नको. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेलहून चौककडे निघालात की हिरानंदानी फॉर्च्युन सिटी लागते. तिथे योट्टा कंपनीचं एनएम१ हे डेटा सेंटर २०२० च्या जुलैपासून चालू आहे. मार्च २०२४ मध्ये एनव्हिडियाच्या एच१०० चिपांची पहिली खेप तिथे उतरली. एच१०० आणि भाच्याचं १६६० सुपर एकाच कंपनीची, एकाच कुळातली. पण एका एच१०० वर ८० जीबी मेमरी असते आणि भाच्याच्या कार्डावर सहा. एआयसाठी अशा चिपा हजारांनी लागतात आणि अशी केंद्रं जगभर उठताहेत. पनवेलचा माणूस विमानतळामुळे जागेचे भाव कसे चढले हे चहाच्या टपरीवरही समजावून सांगेल. रॅमचे भाव चढवणाऱ्या इमारतींपैकी एक आपल्याच तालुक्यात आहे, हे मात्र कुणाच्या गावी नाही.

यामागचा हिशेब सरळ आहे. जगातली बहुतेक सगळी रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या चिपांना लागणारी एचबीएम नावाची मेमरीही त्यांचीच. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर५ पेक्षा एचबीएमला सिलिकॉन साधारण तिप्पट लागतं. म्हणजे तिकडे एक थाळी वाढली की इकडच्या तीन उपाशी. त्यात १ ऑक्टोबर २०२५ ला ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी इरादापत्रं केली, महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतची, म्हणजे चिपा ज्यांतून निघतात त्या सिलिकॉनच्या चकत्यांची. ३ डिसेंबरला मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. भाच्याच्या पीसीतल्या दोन्ही रॅम क्रुशलच्याच आहेत, त्यामुळे घरात थोडा दुखवटा झाला. त्याच आठवड्यात डॉलर नव्वद रुपयांच्या पुढे गेला, आणि आपल्याकडचा प्रत्येक सुटा भाग शेवटी डॉलरातच येतो.

मग थांबून काय मिळेल? मेमरीच्या धंद्याला भरती-ओहोटी नवी नाही. २०२३ मध्ये याच कंपन्या तोट्यात होत्या, माल पडून होता आणि त्यांनी उत्पादन कापलं होतं. तेव्हा पोळल्यामुळेच आज कारखाने वाढवताना त्या ताक फुंकून पिताहेत. मायक्रॉनच्या अमेरिकेतल्या आयडाहोच्या नव्या कारखान्यातून पहिला माल २०२७ च्या मध्याला निघेल, असं कंपनीच सांगते. कुणी म्हणेल, आपल्या साणंदला मायक्रॉन आलीय की! आलीय, पण तिथे तयार चिपांची जुळणी आणि चाचणी होते, वेफर बनत नाहीत. भाव उतरतील याबद्दल मला शंका नाही. फक्त येत्या पावसाळ्याआधी उतरतील या आशेवर कुणी बसू नये.

इथे भाच्याने पुढचं अस्त्र काढलं, रॉकस्टारचा जीटीए ६ हा खेळ. त्याची तारीख २६ मे २०२६ वरून १९ नोव्हेंबर २०२६ वर गेलीय आणि तीही फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीची तारीख जाहीरच नाही. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ ने पीसीवाल्यांना वर्षाहून थोडं जास्त ताटकळवलं. म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. त्या खेळासाठी आज रॅम घेणं म्हणजे जागा ठरायच्या आधी पंगतीला पानं मांडणं. यावर तो गप्प झाला. पटलं म्हणून नव्हे, तर मामाला रॉकस्टारच्या तारखा पाठ आहेत या धक्क्याने.

मग एका रविवारी मी त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, आधी कॅबिनेट उघड.

आतल्या पंख्यांवर धुळीचा एवढा थर होता की त्यावर बोटाने नाव लिहिता आलं असतं. आपल्या भागात डंपर आणि बांधकामं यांना तोटा नाही, आणि भाच्याची खिडकी रस्त्याकडे. ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट बदलली. मग लक्षात आलं की दोन्ही रॅम पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत शेजारीशेजारी बसवल्यात. अशाने त्या एकाच चॅनेलवर चालतात, दुपदरी रस्त्याचा एक पदर बंद ठेवल्यासारख्या. त्या दुसऱ्या-चौथ्या खाचेत नेल्या. बायोसमध्ये पाहतो तर ३२०० वेगाची रॅम सहा वर्षं २१३३ वर चालत होती, कारण एक्सएमपी कुणी चालूच केलं नव्हतं. आणि सगळ्यात कहर म्हणजे गेल्या वर्षी हट्टाने घेतलेला १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर लावलेला. सगळं सरळ केल्यावर भाचा व्हॅलोरंट खेळत बसला तेव्हा ताईने तीनदा जेवायला हाक मारली. एकूण खर्च पेस्टच्या ट्यूबचा.

एवढं झाल्यावर मी त्याला विचारलं, आज असा कोणता खेळ आहे जो तुला खेळायचाय आणि चालत नाही? बराच वेळ विचार करून त्याने दोन नावं सांगितली, इंडियाना जोन्स आणि नवा डूम. हे मात्र खरं दुखणं. या दोन्ही खेळांना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच. १६६० सुपरमध्ये ते नाही, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणा, उपयोग नाही.

म्हणून माझं मत असं झालंय: घ्यायचं तर कार्ड, आणि ते फार लांबवू नये, कारण कार्डावरही शेवटी मेमरीच असते. १६ जीबीवालंच बघावं. भाच्याचा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा. आरटीएक्स ५०६० सारखं आठ जीबीचं कार्ड आठच लेनवर चालतं, आणि मेमरी भरली की जुन्या बोर्डावर ते जास्त अडखळतं. आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं, म्हणून त्याचं १६ जीबीवालं कार्ड अशा बोर्डाला जास्त शोभतं. पॉवर सप्लाय पुरतोय का ते आधी पाहावं. प्रोसेसर कमी पडलाच तर बायोस अपडेट करून याच बोर्डावर रायझन ५६०० बसतो. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर आणि डीडीआर५ असा सगळा संसार मात्र या भावात मांडू नये. लॅमिंग्टन रोडवर ‘थोडे और डालो, पूरा नया हो जाएगा’ म्हणणारे भेटतीलच. त्यांना नमस्कार करून पुढे जावं.

ज्यांच्याकडे सातव्या पिढीचा इंटेल किंवा त्याहून जुनं मशीन आहे, त्यांची गोष्ट वेगळी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव सुरक्षा अपडेट २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंतच, आणि विंडोज ११ त्या मशीनला अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यांनी तोवर पैसे बाजूला टाकत राहावं.

घरी येऊन मी टेबलाचा खण उपसला. त्यात माझ्या जुन्या पीसीतून काढलेली ८ जीबीची एक डीडीआर४ रॅम सापडली. दोन वर्षांपूर्वी पनवेलमधला एक रिपेअरवाला तिचे आठशे रुपयेही द्यायला तयार नव्हता. परवा त्यालाच फोन केला तर म्हणतो, ‘आहे ना अजून? कुणाला देऊ नका, मी येतो घ्यायला.’ भाच्याला सांगितलं, ही विक आणि येतील ते पैसे कार्डात घाल.

तो म्हणाला, ‘मामा, आत्ता विकू की थांबू?’