बर्फासाठी वेगळी तारीख, उसासाठी का नाही?



जवाहर नवोदय विद्यालये, म्हणजे १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून केंद्र सरकारने चालवलेल्या सहावी ते बारावीच्या निवासी शाळा, यांच्या प्रवेशाची चर्चा बहुधा राखीव जागांपाशीच थांबते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांना, किमान एकतृतीयांश मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात, ही व्यवस्था योग्यच आहे; परंतु परीक्षेच्या दिवशी मूल जिल्ह्यातच नसेल, तर यातील कोणतीही तरतूद त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी दिवाळीच्या आगेमागे कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकाकडे ऊसतोडीला जातात आणि गळीत हंगाम आटोपल्यावर, साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये, गावी परततात. सहावीच्या प्रवेशासाठीची निवड चाचणी मात्र अलीकडे डिसेंबर किंवा जानेवारीत, ऐन तोडणीच्या दिवसांत होते, आणि नियमानुसार ती दुसऱ्यांदा देता येत नसल्याने हुकलेली संधी कायमचीच हुकते. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू शकतात हे खरे. तथापि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी ज्या मुलीला फडावर न्यावेच लागते, तिच्यासाठी त्या वसतिगृहाचे दार उघडे असून नसल्यासारखेच असते.

यात आणखी एक विसंगती आहे. स्थलांतरित मुलाला कामाच्या ठिकाणच्या शाळेत बसता यावे म्हणून राज्य शासन शिक्षण हमी पत्रक देते, तर नवोदयचा नियम उमेदवाराने पाचवीचे शिक्षण त्याच जिल्ह्यात घेतलेले असावे असे सांगतो. म्हणजे शाळा न सोडण्याची शासनाची सूचना ज्या कुटुंबाने पाळली, त्याच्याच मुलाची पात्रता धोक्यात येते.

तारीख बदलणे अशक्य आहे, असे नवोदय विद्यालय समितीला म्हणता येणार नाही. २०२५च्या प्रवेशासाठी बहुतेक राज्यांत १८ जानेवारीला चाचणी झाली, तर कडाक्याच्या हिवाळ्याच्या डोंगराळ प्रदेशांसाठी ती १२ एप्रिलला घेण्यात आली. बर्फामुळे मूल केंद्रावर पोहोचू शकत नाही, ही अडचण ज्या व्यवस्थेला समजते, तिला उसामुळे पोहोचू न शकणारे मूल दिसू नये, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. दोन प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी समान राहणार नाही, हा आक्षेपही टिकत नाही, कारण निवड जिल्हावार होते आणि संपूर्ण जिल्ह्याची चाचणी एप्रिलमध्ये घेतल्यास त्या जिल्ह्यातील सर्व मुले एकच प्रश्नपत्रिका सोडवतील. शिकवणी वर्गांना तयारीसाठी तीन महिने जास्त मिळतील, हा तोटा मात्र मान्य करावाच लागेल. तरीही केंद्रावरच न येऊ शकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तो किरकोळ आहे.

म्हणून ऊसतोडीसाठी मोठे स्थलांतर होणाऱ्या जिल्ह्यांची यादी राज्याच्या शिक्षण विभागाने पुढील अर्जप्रक्रियेपूर्वी नवोदय विद्यालय समितीकडे पाठवावी, आणि हमी पत्रकावर परजिल्ह्यात घेतलेले शिक्षण मूळ जिल्ह्यातलेच धरले जावे, अशी मागणीही तिच्यासोबत करावी.