बिडाचा तवा आणि गाडीचं बॉनेट

बिडाच्या तव्याला साबण लावायचा नाही, हे कोकणातल्या स्वयंपाकघरात कुणाला शिकवावं लागत नाही. तेल पिऊन तयार झालेला तो काळा, गुळगुळीत थर एकदा उतरला की पुढची चार घावनं तव्यालाच चिकटून बसतात. त्याच घरातला माणूस रविवारी सकाळी खाली उतरतो, बादलीत मूठभर कपड्यांची पावडर टाकतो, फेस उसळेपर्यंत ढवळतो आणि तो फेस दहा-बारा लाखांच्या गाडीवर फिरवतो. तव्याला मिळणारा मान गाडीच्या वाट्याला येत नाही.

गाडीच्या रंगावर कारखान्यातच एक पारदर्शक लेप चढवलेला असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. शोरूममध्ये डोळ्यांत भरते ती चमक त्याची, आणि पुढची दहा वर्षं ऊन-पाऊस झेलतो तोही तोच. त्याच्यावरचा भार थोडा हलका व्हावा म्हणून वरून मेणाचा हात मारतात. चांगल्या मेणात कार्नोबा असतं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते साचतं आणि ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. मधमाशांचं मेण ६२-६४ अंशांतच पातळ होतं. मे महिन्यात हाताला चटका देणाऱ्या बॉनेटवर कार्नोबा टिकतं ते यामुळे. तरी तो सोबती दोन-तीन महिन्यांचाच. त्याला त्याआधीच घालवायचं असेल तर लागणारं सगळं सामान प्रत्येकाच्या मोरीत ठेवलेलं आहेच.

कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो आणि भांड्यांचं लिक्विड तर तेलकटपणा तोडण्यासाठीच बनवलेलं. कढईवरचं तूप कोणतं आणि बॉनेटवरचं मेण कोणतं, हे त्याला कळत नाही. एकदा असं धुतलं म्हणून सगळं मेण उतरतं असं नाही, पण दर आठवड्याला हाच प्रयोग झाला की थर विरतच जातो. गाडी चमकवण्याचा धंदा करणारे लोक जुनं मेण काढून नवं लावायचं असेल तेव्हा मुद्दाम असलाच कडक साबण वापरतात. गाडीच्या शांपूचं काम वेगळं. तो आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, शिवाय बुळबुळीत असतो. त्यामुळे रेतीचा कण पत्र्यावर घासला न जाता घसरून जातो.

आणि खरा घात साबणापेक्षा या कणाचाच आहे.

शहरातल्या कुठल्याही सोसायटीत पहाटे बादलीची कडी वाजते. गाडी पुसणारा माणूस एका बादलीत, एकाच फडक्याने रांगेतल्या गाड्या पुसत जातो. पाचव्या गाडीपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि पहिल्या चार गाड्यांची धूळ पाचवीवर फिरू लागते. या धुळीत वाळू असते, म्हणजे क्वार्ट्झ. कठीणपणाच्या मोह्‌ज मापावर त्याचा क्रमांक ७, साध्या पोलादी सुरीच्याही वर. हे फडकं वर्षभर रोज फिरलं की काळ्या गाडीवर पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसू लागतात. मग मालक पुसणाऱ्यावर खेकसतो. पण ‘रोज पुसली पाहिजे’ ही अट त्या बिचाऱ्याने घातलेली नसते. एखाद्या दिवशी फडकं फिरलं नाही तर पैसे कापणारा मालकच असतो.

उभ्या गाडीवर नुसती बसलेली धूळ तिचं काही बिघडवत नाही. ती कोरडीच पुसली, की बिघडतं. डिकीत ठेवलेला तो झुपकेदार डस्टरही त्याच पापाचा वाटेकरी आहे.

धुण्याची रीत अवघड नाही. गाडी सावलीत आणि थंड असावी. आधी नुसत्या पाण्याने सैल धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्या, एक शांपूची आणि एक साध्या पाण्याची. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवून टपापासून खाली यावं आणि दर पट्ट्यानंतर तो साध्या पाण्यात खळबळून घ्यावा. सगळी करामत त्या दुसऱ्या बादलीत आहे. चाकांना वेगळं फडकं हवं, कारण ब्रेकची लोखंडी भुकटी तिथेच साचते. शेवटी पाणी टिपून घ्यावं. बोअरच्या जड पाण्याचे थेंब वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके उरतात.

काही गोष्टींना मात्र आठवड्याची वाट पाहता येत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतलं आम्ल लेप खातं आणि बेसमेंटच्या छतातून ठिबकणारं चुन्याचं पाणी तर पत्र्यावर दगडासारखं बसतं. तेवढीच जागा ओली करून, घाण भिजू देऊन ती न घासता उचलावी. दसऱ्याला बॉनेटवर काढलेल्या स्वस्तिकाची चिंता नको. हळद उन्हात उडते.

यावर शोरूमकडे तयार उत्तर असतं: कोटिंग करून घ्या. सिरॅमिक कोटिंग मेणापेक्षा कितीतरी जास्त टिकतं, हे खरं. पण वाळू त्यालाही ओरखडतेच. त्याआधी टेफ्लॉनची हवा होती. तव्यावर टेफ्लॉन बसवायला तीनशे अंशांच्या वरची भट्टी लागते. ते गाडीवर कापडाने चोळून कसं बसतं, असं विचारणारं गिऱ्हाईक विरळाच.

पाण्याचाही हिशेब आहे. टंचाईच्या झळा बसल्या तेव्हा, मार्च २०२४ मध्ये, बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. महाराष्ट्रात उन्हाळ्यात सोसायट्यांच्या दारात टँकर उभे राहतात आणि त्याच आवारात पाइप सोडून गाड्या धुतल्या जातात. आठवड्यातून एकदा, बादल्या मोजून नीट धुतलेल्या गाडीला रोजच्या अर्धवट पुसण्यापेक्षा जास्त पाणी लागेलच असं नाही.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेत, पार्किंगची भांडणं आटोपली की, हा विषयही घ्या. गाडी रोज पुसायची नाही, आठवड्यातून एकदा नीट धुवायची. गाडी धुणाऱ्याचा महिन्याचा पगार एक रुपयाही कमी करायचा नाही, आणि दुसरी बादली, शांपू, मायक्रोफायबर सोसायटीने द्यायचं. तोवर आपल्या बॉनेटवर पेलाभर पाणी ओतून पाहा. थेंब अळवाच्या पानावरच्यासारखे टपोरे उभे राहिले तर मेण शाबूत आहे. पाणी चादरीसारखं पसरलं, तर मेण कधीच गटारात वाहून गेलं आहे.