निरोप समारंभातील राजा-राणी

मंडळाच्या परीक्षा तोंडावर आल्या की शाळाशाळांतून निरोपाची तयारी सुरू होते. अकरावीच्या विद्यार्थ्यांनी बारावीच्या विद्यार्थ्यांना निमंत्रण द्यावे, चार शब्द बोलावेत, अल्पोपाहार व्हावा आणि गुरुजनांचा आशीर्वाद घेऊन मंडळींनी घरोघर जावे, असा जुना प्रघात होता. आता त्यास 'फेअरवेल' म्हणतात. मुलगे कोट घालतात, मुली आईची ठेवणीतली साडी नेसतात, ध्वनिवर्धकावर गाणी लागतात, नृत्य होते आणि शेवटी 'मिस्टर फेअरवेल' व 'मिस फेअरवेल' यांची नावे पुकारून त्यांच्या गळ्यात पट्टा व मस्तकी चमकीचा मुकुट घालतात. या नव्या राजा-राणीविषयी आम्हांस दोन शब्द लिहावेसे वाटतात.

आरंभीच सांगितले पाहिजे की आनंदास आमचा विरोध नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी एक दिवस नटावे, गावे, नाचावे यात अनिष्ट काही नाही. नृत्य म्हटले की भुवई चढविणारे वडीलधारे आहेत. त्यांना आमची विनंती अशी की बंदीने मुले शहाणी होत नाहीत, ती केवळ चोरून करू लागतात. प्रश्न नाचण्याचा नाही. मुकुट कोणास मिळतो आणि त्या दिवशी दाराबाहेर कोण राहतो, हा प्रश्न आहे.

ही प्रथा मूळची अमेरिकेकडील. तेथे शालान्त वर्गाच्या औपचारिक नृत्यसमारंभास 'प्रॉम' म्हणतात आणि विद्यार्थी मते देऊन राजा व राणी निवडतात. त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. कालांतराने गोरी व काळी मुले एका बाकावर बसू लागली. परंतु नृत्याची रात्र आली की काही गावांत पुन्हा दोन पंक्ती पडत. मिसिसिपी राज्यातील चार्ल्सटन गावी दोन्ही वर्णांच्या मुलांचा पहिला एकत्र प्रॉम व्हावयास २००८ साल उजाडावे लागले, आणि जॉर्जिया राज्यातील विल्कॉक्स परगण्यात तर २०१३ साली मुलांनीच पुढाकार घेऊन तो घडवून आणला. वर्गात शेजारी बसणे कायद्याने साधते. उत्सवात शेजारी उभे राहणे मनाने साधावे लागते.

आपल्याकडे हे दार वर्णाचे नसेल, पण पैशाचे आहे. वर्गणी, भाड्याचा कोट, पादत्राणे, केशभूषा, छायाचित्रे अशी यादी वाढत जाते. संत्र्याच्या बागेत मजुरीस जाणाऱ्या आईने यांपैकी काय आणावे? मग मुलगा घरी सांगतो, "मला तसल्या कार्यक्रमाची आवड नाही." त्याच्या या वाक्यातील अभिमान आम्हांस समजतो, आणि त्यामागील दुःखही समजते. बारा वर्षांच्या सोबतीचा शेवटचा दिवस त्याने घरी बसून काढलेला असतो.

दुसरी गोष्ट निवडीची. राजा-राणी ठरविताना बहुधा पाहतात काय? चेहरा, वर्ण आणि वेष. यांपैकी पहिल्या दोहोंत विद्यार्थ्याचे कर्तृत्व नाही आणि तिसऱ्यात पुष्कळदा त्याच्या वडिलांचे आहे. उरलेल्यांना गमतीचे किताब वाटण्याची चाल काही ठिकाणी आहे. त्यांत कोणाच्या रंगावर, कोणाच्या अंगकाठीवर शब्द जातो. सभागृह हसते, घटकाभराने विसरते. ज्याच्यावर हसले तो विसरत नाही.

मुकुट घालण्याची रीत आपणांस परकी आहे काय? मुळीच नाही. पोळ्याच्या दिवशी आपण बैलास बाशिंग बांधतो, शिंगांना बेगड लावतो, पाठीवर झूल घालतो. परंतु त्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्याने जू वाहिले, त्या खांद्यास प्रथम शेकावयाचे, हळद-तूप लावावयाचे. मस्तकाचा मान त्यानंतर. आणि देखण्या बैलास बाशिंग व रोडक्यास काही नाही, असे कोणता शेतकरी करतो? गोठ्यातील प्रत्येक जनावर त्या दिवशी सजते. वऱ्हाड-नागपुराकडे मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, तेथेही राणी एकटी भुलाबाईच. बाकीच्या साऱ्या सख्या सारख्या, आणि खिरापत साऱ्यांच्या हाती पडते. आमच्या जामसांवलीच्या मारुतिरायाचेच पाहा. राज्याभिषेक झाला तो श्रीरामांचा. मारुतीने पायाशी बसणे पत्करले. तरी आज दूरदूरचे लोक दर्शनास येतात ते त्या सेवकाच्या.

परदेशातही मुकुटाचा असा विचार करणारे झाले आहेत. ज्यांच्या 'अन्टू धिस लास्ट' या ग्रंथाने गांधीजींना सर्वोदयाची वाट दाखविली, त्या जॉन रस्किन यांनी १८८१ साली लंडनच्या व्हाइटलँड्स या अध्यापिका महाविद्यालयात 'मे-राणी'चा उत्सव सुरू करविला. राणी निवडावयाची ती मैत्रिणींच्या मतांनी, सर्वांत प्रेमळ स्वभावाची म्हणून. मुकुट फुलांचा. आणि रस्किन यांनी पाठविलेले ग्रंथ त्या राणीने सहाध्यायिनींना स्वहस्ते वाटावयाचे. जिच्या मस्तकी मुकुट, तिच्या हातून दान, अशी ती योजना होती.

तेव्हा आमची सूचना फार मोठी नाही. निरोप समारंभास वर्गणी सक्तीची नसावी; ज्यास जे जमेल ते त्याने द्यावे आणि कोणी किती दिले हे फळ्यावर लिहू नये. शाळेचा स्वच्छ गणवेश हाही त्या दिवशीचा मानाचा पोशाख मानावा. राजा-राणी निवडावयाचीच असतील तर गुप्त मतदानाने निवडावीत, आणि मत मागताना एवढेच विचारावे : वर्षभर कोणी कोणाच्या उपयोगी पडले? आजारी सोबत्याची वही कोणी उतरून दिली, गणित अडले तेव्हा शेजारी कोण बसले, एकट्या पडलेल्यास डब्यात वाटेकरी कोणी केले? उत्तर आपोआप मिळेल, आणि ते नाव पुकारताच सभागृहात ज्या टाळ्या पडतील त्या मागाव्या लागणार नाहीत. मुकुट शाळेच्या बागेतील फुलांचा असावा, आणि तो मिळालेल्याने आपली पाठ्यपुस्तके मागल्या वर्गातील गरजू विद्यार्थ्याच्या हाती द्यावीत.

विद्यार्थिमित्रहो, चमकीचा मुकुट दुसऱ्या दिवशी खुंटीस लागतो. परंतु समारंभाच्या आदल्या दिवशी तुम्ही कोणाच्या घरी गेलात, "तुझ्यावाचून आमचे छायाचित्र पुरे होत नाही" असे कोणास म्हणालात, हे तो मुलगा आयुष्यभर सांगेल. यंदाच्या निरोपापूर्वी आपल्या वर्गाची हजेरी एकदा वाचून पाहा. जे नाव येण्यास कचरत असेल, त्याच्या दारी सर्वांत आधी जा.