स्वस्त स्कॉच आणि पांगरमलची बाटली

शिकल्यासवरल्या तरुणांत हल्ली एक युक्तिवाद ऐकू येतो : 'आम्ही गावठी ढोसत नाही, ब्लेंडेड माल्ट स्कॉच घोट घोट घेतो. आता ती परवडते.'

परवडते, कारण सरकारनेच ती स्वस्त केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणले. जुलै २०२५ च्या भारत-ब्रिटन करारात आयात शुल्क १५० वरून ७५ आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर नेण्याचे ठरले. संविधानाचे कलम ४७ मात्र राज्याला दारूबंदीसाठी प्रयत्न करायला सांगते!

आता आपल्या नगर तालुक्यातले पांगरमल आठवा. फेब्रुवारी २०१७, जिल्हा परिषदेची निवडणूक, मतांसाठी जेवणावळ आणि फुकट दारू. माणसे तडफडून मेली. ती विषारी दारू जिल्हा रुग्णालयाच्या कँटीनमध्ये बनत होती, हे पोलीस तपासात पुढे आले.

म्हणजे साहेबांना सवलतीची स्कॉच आणि गरिबाला विष. मग 'चांगली दारू' हे उत्तर आहे का? अजिबात नाही. अनेक डिस्टिलऱ्यांचे माल्ट एकत्र केले तरी त्यात किमान ४० टक्के अल्कोहोल असतेच. तुमच्या ग्लासाला प्रतिष्ठा मिळाली, की वस्तीतला पोरगा तेच शिकतो. त्याच्या वाट्याला मात्र मिळेल ती बाटली येते.

बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्यात ब्रँडची सूट नाही. निवडणुकीत दारात आलेली बाटली परत पाठवायची, तर आधी आपल्या कपाटातली काढा.

जय भीम!