वेष्टनावरील बारीक अक्षरे

रत्नागिरीजवळील भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाच्या या मुलखातही आपल्या घरच्या बिस्किटांत आणि साबणात इंडोनेशिया-मलेशियाचे पाम तेल मुकाट्याने शिरले आहे. ते स्वस्त आहे, गरिबाला परवडते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु स्वस्त वस्तूवरही खरे नाव असावयास हवे.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर तेलाचे नाव देण्याचे कायद्याचे बंधन आहे. म्हणून ‘पामोलीन’ हा शब्द निदान कंसात तरी सापडतो. साबणावर मात्र तेच तेल ‘सोडियम पामेट’ या नावाने वावरते, तर कधी ‘इलाइस गिनीन्सिस’ हे झाडाचे शास्त्रीय नाव धारण करते. सामान्य गृहिणीने हे ओळखावे तरी कसे? त्यातही इंग्रजी किंवा हिंदी मजकूर दिला की नियम पाळला जातो. मराठीची सक्ती नाही!

युरोपीय संघाने डिसेंबर २०१४ पासून खाद्यपदार्थांवर ‘वनस्पती तेल’ एवढेच मोघम लिहिण्यास मनाई केली. आमची मागणी आणखी एक पाऊल पुढची आहे: साबण असो वा बिस्कीट, तेलाचे नाव ठळक मराठीत छापा. तोवर वाचकहो, नाताळच्या फराळाचे सामान घेतानाही पुडा उलटून वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.