पायालाही खत हप्त्यानेच



एरवी या सदरात मी कांदा, ऊस आणि जनावरे सोडून फारसा कुठे जात नाही. आज मॅरेथॉनबद्दल लिहितो आहे. "शेतकऱ्याला पळायचे काय शिकवता, साहेब? आमची सारी जिंदगी पळापळीतच चालली आहे," असे पारावर कोणीतरी म्हणणारच. ते अगदीच खोटे नाही. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी लांब पल्ल्याचे पळत होती. ते दोराबजी टाटांनी पाहिले, आणि त्यातूनच 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपला संघ गेला. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. आपल्या जिल्ह्याला लागूनच असलेल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी शाळेला सहा किलोमीटर पायी नाहीतर पळत जात. 2020 साली दिल्लीत त्यांनी अर्धी मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत संपवली.

तेव्हा काटकपणा आपल्या मातीत आहे, यात शंका नाही. पण साबळे त्या आधी फौजेत वर्षानुवर्षे शिस्तीची तालीम करून आले होते, हे आपण सोयीस्कर विसरतो. मीही विसरलो, आणि त्यात एका पोराचे नुकसान झाले. तेच आज सांगायचे आहे.

आधी माझे सांगतो. मी पळू लागलो एक्कावन्नाव्या वर्षी, आणि तेही हौसेने नाही. रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी चालायला सांगितले. आमच्या वस्तीजवळून मुळा धरणाचा उजवा कालवा जातो. त्याच्या भरावावरच्या मुरमाच्या वाटेने चालता चालता पळू लागलो. दीड वर्षाने पुण्याच्या मॅरेथॉनला नाव घातले. 1983 साली सुरू झालेली ही शर्यत डिसेंबरात असते. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर. राहुरीहून निघून नगर गाठावे आणि तरी थोडे उरावेच, एवढे अंतर. पहिल्या दहा किलोमीटरांत मी तरुण पोरांना मागे टाकीत गेलो आणि मनात फुशारलो. बत्तिसाव्या किलोमीटरला चिखलात बैल बसावा तसा बसलो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण एवढ्या अंतरात संपते. जोरात पळाले तर त्याआधीच संपते. मी तर वाटेत नुसते पाणी पीत होतो. त्यात ना साखर, ना मीठ. घाम फार जात असताना केवळ पाणीच ढोसत राहिले तर अंगातले मीठ पातळ होऊन माणूस भोवळतो, प्रसंगी जिवावर बेतते. पुढच्या वर्षी खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि बाटलीत मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत घेतले, सुरुवातीपासून हळू पळालो आणि 5 तास 20 मिनिटांत पोहोचलो. घरी सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्या वेळात अर्धा एकर खुरपून झाले असते."

आता त्या पोराचे. शेजारच्या वस्तीवरचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. भरतीत मुलांना 1600 मीटर पळावे लागते. माझी मॅरेथॉन झाल्यापासून मला गावात जरा मान आला होता. "काका, रोज किती पळू?" त्याने विचारले. मी म्हणालो, "खंड पाडू नकोस. रोज पळ, आणि रविवारी माझ्याबरोबर लांब ये." तो पहाटे डांबरी सडकेवर जीव खाऊन पळायचा आणि दिवसभर कांद्याच्या लागणीत वाकून असायचा. महिन्या-दीड महिन्यात त्याची नडगी दुखू लागली. घरी बोलला नाही, कारण काम टाळायला सोंग करतो असे वडील म्हणतील. मलाही बोलला नाही. शेवटी लंगडू लागला तेव्हा दवाखान्यात नेले. हाडाला बारीक चीर निघाली. दोन महिने पळणे बंद. मैदानी चाचणी हुकली. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या वडिलांनी मला शब्दाने बोल लावला नाही, उलट चहा पाजला. ते जास्त लागले.

हाडावर ताण पडला की ते आधी थोडे झिजते आणि मग विश्रांतीत पूर्वीपेक्षा पक्के भरून येते. विश्रांतीच दिली नाही तर झीज तेवढी साठत जाते. उसाला नत्र हप्त्याहप्त्याने द्या, सगळा युरिया एकदम टाकू नका, हे मी तुम्हाला किती वर्षे सांगतो आहे! आणि पोराच्या पायावर मात्र सगळे पोते रिकामे केले. शेतातले कष्ट तर मी हिशेबात धरलेच नाहीत.

ज्यांच्या घरात कोणी पळत असेल त्यांनी एवढे बघावे. आठवड्यातून तीन-चार दिवस पळणे पुरे. ज्या दिवशी भरणे, काढणी किंवा पोती उचलण्याचे जड काम असेल त्या दिवशी सुट्टी. आठवड्याचे अंतर आधीपेक्षा साधारण दहाव्या हिश्श्यानेच वाढवा आणि चौथ्या आठवड्याला कमी करा. बरेचसे पळणे सोबत्याशी बोलता येईल इतके सावकाश असावे. आठ-दहा किलोमीटर सहज जमत असेल त्याला मॅरेथॉनसाठी पाच महिने तरी हवेत. सर्वांत लांबची धाव तीस-बत्तीस किलोमीटरची, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर कमी कमी करत यावे. नवे बूट शर्यतीच्या दिवशी घालू नयेत. नडगीवर बोट ठेवल्यावर एकाच जागी दुखत असेल तर त्याच दिवशी थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख आधी तपासून घ्यावा. मुलींनी रक्तातले हिमोग्लोबिन तपासावे. दम लागतो म्हणून मुलगी कच्ची आहे असे घरच्यांनी ठरवून टाकू नये. दुष्काळी माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिल्या आल्या, त्याही शेतकऱ्याच्याच घरच्या.

आणि सडकेची एक गोष्ट. कारखाने सुरू झाले की पहाटे उसाच्या जोडट्रॉल्या निघतात, आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. सडकेच्या उजव्या अंगाने, समोरून येणारे वाहन दिसेल असे पळा, अंगात पांढरा सदरा घाला. त्यापेक्षा कालव्याचा भराव बरा. मुरूम पायालाही मऊ.

तो पोरगा गेल्या महिन्यापासून पुन्हा माझ्याबरोबर येतो, एक दिवसाआड. वडिलांनीच पाठवले. पुढच्या भरतीला त्याचे वय अजून बसते. परवा पळता पळता नडगीला हात लावून म्हणाला, "काका, आज जरा जाणवतंय." आम्ही तिथूनच परत फिरलो आणि चालत वस्तीवर आलो. या आठवड्यात लाईट सकाळची आहे, त्याला कांद्याला पाणी धरायचे होते.