निघण्यापूर्वी वर्दी

पावसाळा सुरू झाला, की नांदेड-लातूरकडील तरुणांची पावले किनवट-माहूरच्या डोंगरांकडे, इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाकडे आणि बालाघाटाच्या रांगांकडे वळू लागतात. वर्षभर अभ्यासिकांच्या चार भिंतींत कोंडलेल्या मनाला अरण्याची ओढ लागावी, हे स्वाभाविक आहे आणि स्वागतार्हही आहे. परंतु सोबत कोणी न घेता, घरी काही न कळवता, पुरेशा शिदोरी-पाण्यावाचून निबिड रानात शिरणे हाच पराक्रम, अशी जी समजूत या ओढीच्या आश्रयाने बळावत आहे, तिचा स्पष्ट प्रतिवाद झाला पाहिजे.

सहस्रकुंडापाशी पैनगंगा काळ्या खडकांवरून कोसळते; तिच्या एका तीरावर किनवट तालुका, तर दुसऱ्या तीरावर यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुका आहे. बुलढाणा, वाशिम, हिंगोलीकडे झालेला पाऊस आणि वरच्या अंगास इसापूर धरणातून सोडलेले पाणी येथवर येऊन पोहोचते, तेव्हा माथ्यावरचे आकाश निरभ्रही असू शकते. त्यामुळे खडकावर उभ्या असलेल्या परक्या माणसास संकटाचे चिन्ह दिसत नाही. काठावरच्या गुराख्यास मात्र पाण्याचा गढूळलेला रंग आणि वाहून येणारा पालापाचोळा पाहताच पुढचे कळते. अरण्यातील सुरक्षितता बाहूंच्या बळावर अवलंबून नसून अशा स्थानिक ज्ञानावर असते, आणि एकट्याने, अजाणतेपणी जाणारा मनुष्य नेमका त्याच ज्ञानाशी असलेला संबंध तोडून टाकतो.

अमेरिकेतील ख्रिस्तोफर मॅककँडलेस या तरुणाची शोकांतिका याच कारणाने घडली. 1992 च्या एप्रिलमध्ये थोडे तांदूळ आणि एक बंदूक घेऊन तो अलास्काच्या रानात शिरला, तेव्हा टेक्लानिका नदी त्याने सहज ओलांडली; जुलैमध्ये परतू लागला, तेव्हा वितळलेल्या बर्फाने तीच नदी दुथडी भरून वाहत होती. थोड्याच अंतरावर तारेवरून हाताने ओढावयाचा पाळणा होता. नकाशा जवळ नसल्याने त्याला त्याचा पत्ता नव्हता. तो मागे फिरला आणि ऑगस्टमध्ये एका बेवारस बसगाडीत मरण पावला. तो कोठे आहे, हे घरच्यांस ठाऊकच नव्हते. पुढे त्या बसगाडीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या दोन स्त्रिया, एक 2010 मध्ये आणि एक 2019 मध्ये, त्याच नदीत बुडाल्या, आणि अखेर 2020 मध्ये शासनाने ती गाडी हेलिकॉप्टरने उचलून नेली.

आपल्या मुलखातही अरण्य स्थिर नाही. टिपेश्वर अभयारण्यातला वाघ 2024 च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंगच्या रानात, म्हणजे लातूरच्या शेजारी, येऊन पोहोचला. बालाघाटात वाघ नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री त्याने मोडीत काढली. दगडाखाली फुरसे असते, आणि दंशानंतर लागणारे प्रतिविष गावापासून कित्येक कोस दूर असते. पाण्याविषयी तर अधिक सांगणे नलगे. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथल्या माणसाने उघड्या माळरानावर पाण्यावाचून जावे, ही बेपर्वाई अक्षम्य आहे.

मोहफुले वेचणारे, तेंदूपाने तोडणारे कोलाम, गोंड, आंध जन्मभर रानात वावरतात, तरी ते जथ्याने निघतात. माहूरगडाची परिक्रमा करणारा भाविकही समुदायाबरोबर चालतो. ज्यांचा अरण्याशी नित्याचा संबंध आहे, ते त्याचा आदर राखतात.

एकांताचे मोल मला मान्य आहे. चिंतनास तो आवश्यकही असतो. परंतु कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, याची वर्दी घरी आणि पायथ्याच्या गावी दिल्याने एकांत उणावत नाही. शोध घेणाऱ्यांस मात्र दिशा मिळते. वनविभागाने आणि ग्रामपंचायतींनी अशा स्थळी नोंदवही ठेवावी, गावच्या तरुणांस मोबदला देऊन वाटाडे नेमावे, आणि धरणाचे पाणी सोडण्यापूर्वी इशाऱ्याचा भोंगा खालच्या घाटांवर ऐकू जाईल, अशी तजवीज पाटबंधारे खात्याने करावी. महाविद्यालयांनीही ही शिस्त विद्यार्थ्यांच्या अंगी बाणवावी. कारण पूर्वतयारीने जाणारा तरुण भित्रा नसतो, तो आपल्या जिवाचे आणि आपली वाट पाहणाऱ्यांचे मोल जाणतो.